उठवलेल्या गावांचे देणे

शहापूर आणि मुरबाड तालुक्यांत निर्वासितांविषयी आणि विस्थापितांविषयी एक मत इतके रुळले आहे की ते केवळ एक मत आहे, हेही कुणाच्या लक्षात येत नाही. घरदार सुटलेला माणूस जिथे जातो तिथे ओझे होतो. सरकारने त्याला पैसे आणि जागा दिली की त्याचे पुनर्वसन झाले. त्यानंतरही तो मागत राहिला, तर तो लबाड. धरणग्रस्तांना ‘सरकारचे जावई’ म्हटले जाते. ‘पैसे घेतले, उडवले, आता पुन्हा रडतात’ हे वाक्य आठवडी बाजारात, एसटीत आणि ग्रामसभेतही ऐकू येते. दूरदेशीच्या निर्वासितांच्या बातम्या मोबाइलवर आल्या की हेच मत आणखी कडवट होऊन बाहेर पडते. हे मत चुकीचे आहे, आणि त्याचे खंडन करणारा पुरावा शोधायला फार लांब जावे लागत नाही. तो बारवी, भातसा आणि काळू नद्यांच्या काठी आहे, कल्याण-मुरबाड रस्त्यावर आहे.

खंडन करण्याआधी पूर्वपक्ष त्याच्या पूर्ण बळानिशी मांडायला हवा. हे मत बाळगणारी माणसे दुष्ट नाहीत. त्यांचे म्हणणे चार मुद्द्यांत येते. पहिला, निर्वासित आणि पोटासाठी गाव सोडणारा मजूर यांत काही फरक नाही. जास्त मिळेल तिकडे माणूस जातोच. दुसरा, असा समूह सरकारी मदतीवर जगतो आणि स्थानिकांच्या करातून पोसला जातो. तिसरा, भरपाई दिली की व्यवहार पूर्ण होतो. तिचे काय करायचे हे घेणाऱ्याने ठरवावे. चौथा आणि सर्वांत वजनदार, आमच्याच पाड्यांना उन्हाळ्यात टँकरशिवाय पाणी नाही, गायरान आक्रसले आहे, शाळेत मास्तर पुरेसे नाहीत. अशा गावात बाहेरचे चाळीस उंबरे आणून बसवले तर वाटा कोणाचा कमी होणार? चारही मुद्द्यांना उत्तर दिले पाहिजे, आणि चौथ्याला अंगावरची माशी झटकावी तसे झटकून चालणार नाही.

पहिला मुद्दा समजुतीच्या गोंधळातून आलेला आहे. दिवाळीनंतर भिवंडी-कल्याणकडच्या वीटभट्टीवर जाणारे कातकरी कुटुंब पावसाच्या तोंडावर आपल्या वाडीत परत येते. त्याचे हाल मोठे आहेत, पण परतायला वाडी आहे. निर्वासिताला परतायला जागा उरलेली नसते. १९५१च्या आंतरराष्ट्रीय करारानुसार वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, विशिष्ट समाजगट किंवा राजकीय मत यांमुळे छळ होईल या रास्त भीतीने देशाबाहेर पडलेला आणि परतू न शकणारा माणूस म्हणजे निर्वासित. भारताने या करारावर सही केलेली नाही. तरीही १९९६ साली अरुणाचल प्रदेशातील चकमा निर्वासितांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की राज्यघटनेतील जीविताच्या हक्काचे संरक्षण नागरिक नसलेल्या माणसालाही आहे. देशाच्या सीमेच्या आतच ज्याचे गाव पाण्याखाली गेले, तो कायद्याच्या भाषेत निर्वासित ठरत नाही. तो विस्थापित, प्रकल्पग्रस्त. पण परतीचा रस्ता दोघांचाही बंद झालेला असतो. सीमा ओलांडली की नाही यावरून कागदावरचे नाव बदलते, गरज बदलत नाही. म्हणूनच या दोघांचा विचार इथे एकत्र केला आहे.

निर्वासित सुखवस्तू देशांच्या दिशेने लोंढ्याने धावतात, हाही याच गोंधळाचा भाग. संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित उच्चायुक्तालयाचे आकडे वेगळे चित्र दाखवतात. जगातले सुमारे दोन तृतीयांश निर्वासित आपल्या देशाच्या शेजारीच थांबतात, आणि बहुसंख्य निर्वासितांना आसरा देणारे देश कमी किंवा मध्यम उत्पन्नाचे आहेत. तिसऱ्या देशात नेऊन कायमचे वसवले जाणारे निर्वासित दरवर्षी शंभरात एकही भरत नाहीत. घरापासून शक्य तितक्या जवळ राहावे, हीच उठलेल्या माणसाची सर्वत्र धडपड असते. धरणाचे पाणी चढत आले तेव्हा आमच्याकडची गावेही आधी वरच्या टेकाडावर सरकली, शहराकडे नंतर.

दुसरा मुद्दा ओझ्याचा. त्याचे उत्तर मुरबाडकरांनी लग्नाच्या बस्त्यासाठी उल्हासनगरला जाताना कितीदा तरी पाहिले आहे. फाळणीनंतर, विशेषतः जानेवारी १९४८मधील कराचीच्या दंगलीनंतर, सिंधमधले हिंदू बोटींनी आणि आगगाड्यांनी मोठ्या संख्येने मुंबई इलाख्यात आले. दुसऱ्या महायुद्धात सैन्यासाठी कल्याणजवळ बांधलेल्या बराकी रिकाम्या पडल्या होत्या. तिथे सुमारे एक लाख माणसे उतरवली गेली. एकेका बराकीत अनेक कुटुंबे, मध्ये गोणपाटाचे किंवा साडीचे आडोसे. त्या काळीही स्थानिक समाजात आजचेच बोलणे होते: ही माणसे कायम शिध्यावर जगणार, शहरात घुसणार. १९४८ साली मुंबई सरकारने निर्वासितांच्या सक्तीच्या नोंदणीचा कायदाही केला. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते या छावणीचे उल्हासनगर झाले. आज तिथले भाग कॅम्प नंबर एक ते पाच म्हणूनच ओळखले जातात. शिध्यावर मात्र कुणी जगत नाही. कपडा, फर्निचर, छपाई, खाद्यपदार्थ अशा शेकडो धंद्यांत तिथे ठाणे जिल्ह्यातले मराठी आणि आदिवासी तरुण काम करतात. हे गाव ओझे झाले असते, तर आमच्या तालुक्यांतली माणसे रोजगाराला तिकडे गेली नसती.

यावर चतुर प्रतिपक्षी म्हणेल, सिंधी माणूस जातीचाच व्यापारी. त्याच्या रक्तात धंदा, म्हणून तो उभा राहिला. हे बोलणे कौतुकाच्या सुरात केले जाते, पण ते खरे नाही. बराकींत आलेल्यांत शिक्षक होते, कारकून होते, विधवा होत्या, कोवळी मुले होती. ते उभे राहिले त्यामागे त्यांची जिद्द होती, तशी एक व्यवस्थाही होती. राज्यघटनेच्या सहाव्या अनुच्छेदाने पाकिस्तानातून आलेल्यांच्या नागरिकत्वाचा प्रश्न सुरुवातीलाच मिटवला. केंद्रात त्यांच्यासाठी वेगळे पुनर्वसन मंत्रालय होते. १९४८ साली व्यवसायासाठी कर्ज देणारी पुनर्वसन वित्त संस्था उभी राहिली. १९५४ साली विस्थापितांना भरपाई देणारा स्वतंत्र कायदा आला आणि पाकिस्तानात सुटलेल्या मालमत्तेचे दावे तपासून भरपाई मिळू लागली. शाळा छावणीतच सुरू झाल्या. कराचीच्या डी. जे. सिंध कॉलेजातून आलेल्या प्राध्यापकांनी १९४८मध्ये मुंबईत जयहिंद कॉलेज काढले. १९६७ साली सिंधी भाषा राज्यघटनेच्या आठव्या परिशिष्टात आली. माणसाच्या हाती ओळखीचा कागद, धंद्याला भांडवल, मुलांना शाळा आणि भाषेला मान इतके आले, की तो उभा राहतो.

व्यापारी रक्ताचा युक्तिवाद आणखी एका उदाहरणाने कोसळतो. पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांना आजच्या गडचिरोली जिल्ह्यात चामोर्शी-मुलचेरा भागात वसवले गेले. त्यांच्यात बहुतेक शेतकरी आणि मच्छीमार होते. त्यांना जमीन मिळाली, आणि ते भातशेतीत व मत्स्यव्यवसायात रुजले. तिबेटी निर्वासितांची वसाहत १९७२पासून आजच्या गोंदिया जिल्ह्यात नॉर्ग्येलिंग येथे नांदते आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४३ ते १९४८ या वर्षांत, कोल्हापूरजवळच्या वळिवडे येथे सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहिले. त्यांत बहुतेक स्त्रिया आणि मुले होती. तिथून गेलेल्यांच्या पुढच्या पिढ्यांनी कोल्हापूरची आठवण आजवर जपली आहे. चार समाज, चार भाषा. ज्यांना पाय रोवायला जागा मिळाली, त्यांच्यापैकी कुणी आसरा देणाऱ्यांवर कायमचे ओझे झाले नाही.

उल्हासनगरात सगळे आलबेल झाले असेही नाही. तिथल्या अनधिकृत बांधकामांचा प्रश्न इतका गुंतला की २००६ साली ती नियमित करण्यासाठी सरकारला स्वतंत्र कायदेशीर तरतूद करावी लागली. त्याच्या मुळाशी जमिनीच्या मालकीचा गोंधळ आहे, आणि त्याने माझ्या म्हणण्याला पुष्टीच मिळते. जिथे कागद पक्का दिला गेला, तिथे पुनर्वसन टिकले. जिथे तो अर्धवट राहिला, तिथे भांडण पन्नास वर्षांनीही शिल्लक आहे.

आता आपल्या घरची बाजू पाहू. उल्हासनगरला स्वतःचा पाण्याचा स्रोत नाही. त्याला पाणी देते औद्योगिक विकास महामंडळाचे बारवी धरण, आणि ते धरण भरते मुरबाड तालुक्याच्या डोंगरांतून. धरण १९७२ सालचे. पुढे टप्प्याटप्प्याने त्याची उंची वाढवली गेली. आज स्वयंचलित दरवाज्यांसह पूर्ण संचयपातळी ७२.६० मीटर आहे आणि साठा ३३८.८४ दशलक्ष घनमीटर. या पाण्यावर अंबरनाथ, बदलापूर, उल्हासनगरपासून ठाणे आणि मीरा-भाईंदरपर्यंतची शहरे व कारखाने जगतात. उंची वाढली तशी तोंडली, काचकोली, मोहघर यांसारखी गावे-पाडे पाण्याच्या तोंडी आले. सीमेपलीकडून उठवलेल्यांचे शहर सीमेच्या आत उठवलेल्यांच्या जमिनीवर साठलेले पाणी पिते. यात उल्हासनगरच्या रहिवाशाचा काहीच दोष नाही. पण या दोन विस्थापितांना कायद्याने दिलेली वागणूक शेजारी शेजारी ठेवून पाहिली पाहिजे.

सिंधच्या विस्थापितासाठी १९५४ साली केंद्राचा कायदा झाला. धरणाच्या विस्थापितासाठी महाराष्ट्राने पुनर्वसनाचा कायदा केला तो १९७६ साली, आणि असा कायदा करणारे महाराष्ट्र हे देशातले पहिले राज्य. म्हणजे बारवी पहिल्यांदा भरले तेव्हा उठणाऱ्या माणसाला पुनर्वसनाचा कायदेशीर हक्कच नव्हता. होता तो १८९४चा इंग्रजी भूसंपादन कायदा. त्यात मालकाला रोख रक्कम मिळे आणि गोष्ट संपे. ज्याच्या नावावर सात-बारा नाही, तो त्या कायद्याला दिसतच नसे. वनजमीन पिढ्यान्‌पिढ्या कसणारा महादेव कोळी, दुसऱ्याच्या मालकीच्या जागेत झोपडी असलेला कातकरी, खोतीच्या काळापासून राबणारा ठाकर यांच्या घरातून चूल उठली, पण सरकारी यादीत त्यांचे नाव आले नाही. वनहक्काचा कायदा यायला २००६ साल उजाडले.

‘पैसे घेतले, उडवले’ या तिसऱ्या मुद्द्याचे उत्तर इथे आहे. ज्याचा वाटा सामाईक सात-बाऱ्यावर आठ-दहा नावांत विभागलेला होता, त्याच्या हाती आलेल्या रकमेत दुसरी जमीन येत नव्हती. संपादनाची बातमी पसरली की आसपासच्या जमिनीचा भाव चढतो, हे समृद्धी महामार्गाच्या काळात शहापूरने पुन्हा पाहिले. जमिनीतून वर्षाचे भात, नागली, वरई मिळे. रानातून सरपण, मोहाची फुले, कंद, खेकडे मिळत. नदीने मासे दिले. या सगळ्याची किंमत भरपाईच्या तक्त्यात कोणत्या रकान्यात लिहायची? ते लिहिले गेले नाही म्हणून मिळाले नाही. रोख रक्कम घर बांधण्यात, लग्नात, आजारपणात संपली, कारण जे रोज रानातून विनामूल्य मिळत होते तेही आता विकत घ्यावे लागले. ही उधळपट्टी नव्हती. शेतकऱ्याकडून जमीन घेऊन त्याच्या हाती नोटा देणे हा मुळातच विषम सौदा होता. मुळशीच्या शेतकऱ्यांनी हे शंभर वर्षांपूर्वी ओळखले होते. १९२१ ते १९२४ या काळात सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली ते टाटांच्या धरणाविरुद्ध उभे राहिले तेव्हा त्यांची घोषणा ‘जान किंवा जमीन’ अशी होती. किती पैसे, हा त्यांचा प्रश्नच नव्हता.

पैसे देऊन विषय संपत नाही, याचा आणखी एक दाखला जवळच आहे. दुसऱ्या महायुद्धात धावपट्टीसाठी घेतलेल्या कल्याणजवळच्या नेवाळीच्या जमिनीवरून जून २०१७मध्ये हिंसक आंदोलन झाले. जमीन घेतलेल्या माणसाची तिसरी पिढी रस्त्यावर उतरली होती. घेतलेल्या जमिनीचा हिशोब नीट मिटवला नाही, तर तो नातवंडांच्या नावे चढतो.

उलट, हिशोब नीट करता येतो हेही बारवीनेच दाखवले. वाढीव उंचीच्या वेळी प्रकल्पग्रस्त हटले नाहीत. अखेर त्यांच्या कुटुंबातील एकाला, बारवीचे पाणी वापरणाऱ्या महापालिका, नगरपालिका आणि औद्योगिक महामंडळ यांनी नोकरी द्यावी, असा निर्णय झाला. अंमलबजावणीला वर्षे लागली, पाठपुरावा करून चपला झिजल्या. तरी त्यामागचे तत्त्व मोलाचे आहे: ज्याला पाणी मिळते, त्याने पाणी देणाऱ्याच्या चरितार्थाची जबाबदारी घ्यायची. हे तत्त्व मान्य झाले की ‘सरकारचे जावई’ हे शब्द उच्चारायला जागा उरत नाही. पाणी फुकट नेणारा कोण आणि नोकरी मागणारा कोण, याचा ताळेबंद मांडला तर देणेकरी शहर ठरते.

हाच ताळेबंद शहापूरला लावून पाहा. तानसा १८९२पासून मुंबईला पाणी देते. त्यानंतर मोडकसागर आले, भातसा आले, २०१४मध्ये मध्य वैतरणा आले. मुंबईच्या सात तलावांचा एकूण उपयुक्त साठा १४,४७,३६३ दशलक्ष लिटर आहे. त्यातले ७,१७,०३७ दशलक्ष लिटर, म्हणजे जवळजवळ निम्मे, एकट्या भातसाचे. आणि त्याच शहापूरच्या पाड्यांवर दर उन्हाळ्यात टँकर फिरतात. टंचाईचा राग खरा आहे. तो उठून आलेल्या शेजाऱ्यावर काढणे मात्र चूक आहे. त्याने पाणी नेले नाही. पाण्यासाठी त्याचे घर गेले.

इथून चौथ्या मुद्द्याकडे यावे लागते, कारण यजमान गावाची भीती पोकळ नाही. बाहेरची कुटुंबे आणून बसवली आणि विहीर तीच, गायरान तेच, शाळेच्या खोल्या त्याच राहिल्या, तर भांडण होणारच. त्याचा दोष आलेल्यांना देता येत नाही आणि गावालाही देता येत नाही. ज्याने आखणी केली त्याचा तो दोष. नव्या गावठाणात रस्ता, पाणी, शाळा, स्मशानभूमी, समाजमंदिर, वीज अशा नागरी सुविधा द्यायच्या, हे महाराष्ट्राच्या कायद्याने आणि २०१३च्या केंद्रीय भूसंपादन कायद्यानेही बांधून दिले आहे. त्या सुविधा कागदावर ठेवून माणसे आधी आणून सोडली जातात, आणि मग दोन गरीब समूह एका नळावर भांडतात. यजमान गावाने ‘येऊ नका’ म्हणण्यापेक्षा ‘आधी पाणी, मग माणसे’ म्हणावे. हे म्हणण्याचा कायदेशीर अधिकार त्याला आहे. शहापूर संपूर्ण तालुका आणि मुरबाडची अनेक गावे अनुसूचित क्षेत्रात येतात. १९९६च्या पेसा कायद्याच्या चौथ्या कलमात, अशा क्षेत्रात प्रकल्पासाठी जमीन घेण्यापूर्वी आणि प्रकल्पग्रस्तांना वसवण्यापूर्वीही ग्रामसभेशी किंवा योग्य स्तरावरच्या पंचायतीशी विचारविनिमय करावा, असे म्हटले आहे. कायद्याने उठणारे गाव आणि वसवून घेणारे गाव या दोघांनाही एकाच वाक्यात जागा दिली आहे. आपण मात्र त्यांना एकमेकांसमोर उभे करतो.

‘ते आपसातच राहतात, मिसळत नाहीत’ अशीही एक तक्रार असते. कोयनेच्या धरणग्रस्तांची गावे सातारा, सांगली, सोलापूर, रत्नागिरी, रायगड, ठाणे अशी जिल्ह्याजिल्ह्यांत विखुरली. भाऊबंद तुटले, देव एका गावी आणि माणसे दुसऱ्या गावी राहिली, सोयरिकी लांबल्या. एकत्र वसणे हा हट्ट नसून नव्या जागी तगून राहण्याचा आधार असतो. आजारपणात कोण धावेल, उसने कोण देईल, बाळंतिणीजवळ कोण बसेल, हे प्रश्न पहिल्या चार-पाच वर्षांत जुनाच शेजार सोडवतो. म्हणून २०१३च्या कायद्यानेही अनुसूचित जमातींच्या कुटुंबांना शक्यतो त्याच अनुसूचित क्षेत्रात, एकत्रित वस्तीत बसवावे, त्यांची भाषा आणि संस्कृती टिकावी, असे सांगितले आहे. उल्हासनगरचा सिंधी माणूस सिंधी बोलत राहिला आणि मराठीही शिकला. मिसळायला वेळ लागतो, आणि आधी स्वतःच्या पायावर उभे राहावे लागते.

हा वाद केवळ इतिहासाचा असता तर इतका लिहिण्याचा खटाटोप केला नसता. मुरबाडमधल्या काळू धरणाचे काम वनखात्याची परवानगी न घेताच सुरू झाले होते. श्रमिक मुक्ती संघटनेच्या याचिकेवर २०१२ साली मुंबई उच्च न्यायालयाने ते थांबवले. शाई नदीवरच्या धरणालाही आदिवासींनी दीर्घकाळ विरोध केला. महानगराची तहान वाढतेच आहे, म्हणून हे प्रश्न पुन्हा दारात येणार. तेव्हा गावात कोणते मत रुळलेले असेल, यावर पुष्कळ काही ठरेल. ‘पैसे मिळतात, मग कशाला अडता?’ हे मत असेल, तर बारवीच्या पहिल्या टप्प्यातली चूक पुन्हा होईल. आणि जगाच्या कुठल्या तरी कोपऱ्यातून जीव मुठीत धरून आलेले कुटुंब उद्या आपल्या जिल्ह्यात आले, तर त्याच्याकडेही आपण याच नजरेने पाहू.

म्हणून शहापूर-मुरबाडच्या ग्रामसभांना एक विनंती आहे. पुनर्वसनाचा कोणताही प्रस्ताव समोर आला, मग उठणारे आपण असू की वसवून घेणारे आपण असू, पाच गोष्टी लेखी मागा. बिनसात-बाऱ्याच्या आणि वनपट्ट्याच्या कुटुंबांसह पूर्ण यादी. जमिनीला जमीन किंवा कायमचा रोजगार. घराचा आणि शेताचा पक्का कागद. माणसे हलवण्यापूर्वी पूर्ण झालेले पाणी आणि शाळा. आणि संपूर्ण वाडी एकत्र ठेवण्याची हमी. या पाचांतले एकही कमी असेल तर ठरावाला संमती देऊ नका, आणि ते पाचही असतील तर आलेल्या शेजाऱ्याला ओझे म्हणू नका. उठवलेल्या माणसाला परत उभे करणे हे समाजावरचे देणे आहे. ते फिटेपर्यंत मागत राहण्याचा त्याला पूर्ण अधिकार आहे.